पायातून छातीत

शिट्टी वाजलीच नाही. तिनं ती ओठांत धरली, नेहमीसारखी गालात हवा भरली, आणि फुंकर शिट्टीपर्यंत पोचायच्या आधीच कुठेतरी विरून गेली. तलावाच्या उथळ बाजूला कठडा धरून उभ्या असलेल्या तिच्या विद्यार्थिनी, म्हणजे साठीला टेकलेल्या, रबरी टोप्यांमुळे सगळ्या सख्ख्या बहिणी वाटणाऱ्या बायका, तिच्याकडे बघत राहिल्या. ‘‘कोचबाई, आता काय करायचं?’’ एकीनं ओरडून विचारलं, आणि छताखालच्या त्या मोठ्या पोकळीत प्रश्न एक फेरी मारून परत आला. ‘‘चेहरा पाण्यात घाला आणि श्वास सोडा,’’ ती म्हणाली, ‘‘सगळा सोडा, चिकटपणा करू नका.’’ मग ती काठावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. शिकवताना बसायची तिची रीत नव्हती. जबड्याच्या डाव्या कोपऱ्यात, जिथली अक्कलदाढ कधीच काढून टाकली होती, तिथे काहीतरी हळूच कळवळलं आणि तिथून गळ्यात उतरलं. पाण्यावर बुडबुडे उठत होते, फुटत होते. उंच खिडक्यांतून येणारा उजेड तळाच्या फरशांवर जाळीसारखा हलत होता. त्या उजेडाकडे बघताबघता तिला वाटलं, हे दुखणं आपल्या ओळखीचं आहे. वर्षानुवर्षांनी रस्त्यात कुणीतरी दिसावं, नाव आठवू नये, पण चाल ओळखू यावी, तसं.

ती कुणाला काही बोलली नाही. वर्ग संपल्यावर सवयीनं स्वतः पाण्यात उतरली, पण पोहली नाही, नुसती पाठीवर पडून राहिली. कान पाण्याखाली गेले की जग लांब जातं. बायकांच्या गप्पा, बादल्यांचे आवाज, कुणाचं तरी खळखळून हसणं, सगळं भिंतीपलीकडच्या घरात चालल्यासारखं. थंडावा अंगभर पसरत गेला, खांद्यांना लागला, पोटऱ्यांना लागला. फक्त डाव्या पायाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वरच्या बोटभर रुंद पट्ट्याला काही लागलं नाही. तिथे तिला पाणी कळत नसे. बारा-तेरा वर्षांपूर्वी बायपासच्या वेळी त्या पायातली नस काढून घेतली, तेव्हापासून ती जागा मुकी झाली होती. घोट्यापासून मांडीपर्यंत गेलेला व्रण आता पांढुरका, सौम्य झाला होता. नव्या विद्यार्थिनी आधी चोरून बघत आणि मग धीर करून विचारत. ‘‘शार्क,’’ ती गंभीर चेहऱ्यानं सांगे. एकीनं तर खरंच विचारलं होतं, ‘‘अगंबाई, ह्या तलावात?’’

ऑपरेशनच्या आधी सर्जननं कागदावर हृदय काढून दाखवलं होतं. एक धमनी छातीतलीच वळवून घेऊ, म्हणाला, आणि दोन जोड पायातल्या नसेचे. नस उलटी करून लावावी लागते, कारण तिच्या आतल्या झडपा रक्ताला एकाच दिशेनं जाऊ देतात. ‘‘उलटी?’’ तिच्या नवऱ्यानं विचारलं होतं. तो कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा, नळ्या आणि झडपा हा त्याचा जिव्हाळ्याचा विषय. ‘‘म्हणजे घोट्याकडचं टोक वर?’’ आणि दोघंही हसत सुटले होते, का ते सर्जनला कळलं नाही. भीतीनं हसत होते. पुढचे तीन महिने म्हणजे तिच्या आठवणीत एक लांबलचक दुपार आहे. पडद्यातून गाळलेला उजेड, औषधांची कडवट चव, आणि त्याचे हात. काचेची भांडी धुणारे, कधी काही न फोडणारे हात. तो पायाला पट्टी बांधायचा, तीही प्रयोग मांडल्यासारखी, एकही सुरकुती राहू न देता. बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायचा. खुर्ची बेसिनला पाठ करून ठेवून तिचे केस धुवायचा आणि पाणी कपाळावर ओघळू नये म्हणून तळहाताची आडवी भिंत धरायचा. खोकला आला की छाती उकलते की काय असं वाटे, तेव्हा उशी तिच्या छातीशी दाबून धरणारा तोच. लग्नाला तीसेक वर्षं झाली होती आणि त्या सगळ्या वर्षांत त्यानं तिला इतका हात लावला नव्हता. मग ती बरी झाली. पुन्हा तलावावर जायला लागली. एका सकाळी त्यानं कपबश्या विसळून पालथ्या घातल्या, हात पुसले आणि म्हणाला, ‘‘मी निघतो.’’ तिला वाटलं, बाजारात. ‘‘येताना साबण आण,’’ ती म्हणाली. तो दारात उभाच राहिला. तेव्हा तिला कळलं. तसं आधीपासून माहीत होतं. कॉलेजच्या ग्रंथालयातली ती बाई, तिचं शांत हसणं, पुस्तकं परत करायला जायचे त्याचे ते वार. म्हणजे हा ऑपरेशनच्या आधीच जायला निघाला होता, मधे माझं हृदय आडवं आलं. त्या दिवशी तिनं तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फेऱ्या मारल्या कोण जाणे, आणि छातीत नव्यानं जोडलेलं सगळं काही नीट चाललं. एवढं पक्कं काम करून ठेवलं होतं.

हे सगळं आता पाठीवर तरंगताना आठवत होतं, की नुसतं छतावरून ओघळत होतं, सांगणं अवघड. घरी आल्यावरही ते थांबलं नाही. पुढचे काही आठवडे ती अर्धवट पाण्याखाली असल्यासारखी वावरली. दुखणं यायचं, जबड्याशी थोडं टेकायचं, आणि ती थांबली की निघून जायचं. मग ती थांबायची कारणं शोधू लागली. दुकानांच्या काचेत बघणं, चपलेचा बंद, रस्त्यापलीकडचं एखादं झाड. एवढं निवांत तिनं हे शहर कधी पाहिलं नव्हतं. लेक सुट्टीला आली तेव्हा मात्र पकडली गेली. लेकीचं नाव घरात चिऊ; चाळिशी आली, इमारतींचे आराखडे काढते, पाच-पन्नास माणसांना कामाला लावते, पण चिऊच. दोघी मिळून गादी उलटी करत होत्या. गादी अर्धी उचललेली, आणि कोचबाईंनी आपलं टोक हळूच खाली ठेवलं.

‘‘आई, काय होतंय?’’

‘‘कुठे काय? गादीच जड झालीये.’’

‘‘गादी जड होत नसते. इकडे बघ. ओठ बघ कसे झालेत.’’

‘‘लिपस्टिक नाही लावली म्हणून.’’

‘‘उद्या डॉक्टर,’’ चिऊ म्हणाली. तिनं एकटीनं गादी ओढून सरळ केली आणि मग त्याच गादीवर बसून रडली. कोचबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. रडणाऱ्याला पाण्यातून वर घेताना फिरवावा तसा, खांद्यांच्या मधोमध.

तपासणीत तार मनगटातून हृदयापर्यंत गेली. नंतर डॉक्टरनं दोघींना पडद्यासमोर बसवलं. जाडसर, मऊ आवाजाचा माणूस, बोलताना खुर्ची थोडी थोडी पुढे सरकवणारा. पडद्यावर करड्या धुक्यात काळ्या फांद्या उमटत आणि मिटत. ‘‘ही छातीतली धमनी, ठणठणीत आहे. ही तुम्हाला दगा द्यायची नाही. पायातून घेतलेल्या दोन नसा. एक कधीच बंद पडलीये, तुम्हाला न सांगता.’’ ‘‘कधी?’’ ‘‘ते ती सांगत नाही. झाली असतील चार-पाच वर्षं.’’ चार-पाच वर्षांपूर्वी आपण काय करत होतो, हे ती आठवू लागली. कुठल्या सकाळी, कुठल्या फेरीत ती नस मिटली असेल, आणि आपल्याला नुसतं वाटलं असेल की आज पाणी जरा जड आहे. ‘‘आणि ही दुसरी. इथे बघा. जेमतेम दोरा जाईल एवढी वाट. शिवाय आतला साका, म्हणजे साचलेली चरबी, मऊ आहे, भुसभुशीत.’’

‘‘मग पुन्हा बायपास?’’ चिऊनं विचारलं.

‘‘ह्या वयात छाती दुसऱ्यांदा उघडायची म्हणजे सोपं नाही. एरवी आम्ही आधी मूळची धमनी उघडता येते का बघतो, पण ह्यांची दगडासारखी झालीये. राहता राहिला स्टेंट, ह्या नसेतच. तो घालताना साका सुटून पुढे जाऊ शकतो, म्हणून पुढे छत्रीसारखी एक बारीक जाळी उघडून धरतो. तरी थोडं निसटतंच कधीकधी.’’

‘‘आणि टिकेल किती?’’ हे तिनं स्वतः विचारलं. खोलीत तिचा आवाज तिलाच परका वाटला.

डॉक्टर खुर्ची सरकवून पुढे आला. ‘‘खरं सांगू का, बाई? नस आयुष्यभर पायात होती. तिथे रक्त हळूहळू चालतं. आम्ही तिला उचलून एकदम धबधब्याखाली नेऊन बसवली. तिनं एवढी वर्षं काढली हेच तिचे उपकार. आत स्टेंट घातला की पुष्कळांना आराम पडतो, कित्येकांचा छान टिकतो. काहींची वाट वर्षा-दोन वर्षांत पुन्हा अरुंद होते. दुसरीकडेच कुठेतरी नवीन अडतं. तुमचं कोणत्या बाजूचं, ते मी आज सांगू शकत नाही. पण काहीच केलं नाही तर काय, ते सांगू शकतो.’’

‘‘ते नका सांगू,’’ ती म्हणाली. ‘‘घाला स्टेंट.’’

भरती होण्याच्या दिवशी खोलीच्या दारात तो उभा होता. चिऊनं न विचारता बाबांना कळवलं होतं. हातात सफरचंदांची पिशवी. केस पार पांढरे आणि विरळ. कोटाचं वरचं बटण तुटलेलं. ती ग्रंथालयातली बाई दोन वर्षांपूर्वी झोपेतच गेली होती, हे तिच्या कानावर आलं होतं. तेव्हा तिला दुःख झालं नव्हतं, आनंदही नाही. फक्त वाटलं होतं की त्याला आता फार लवकर जाग येत असेल.

‘‘बस,’’ ती म्हणाली. ‘‘सफरचंद मला आज चालणार नाही. उपाशी ठेवलंय.’’

‘‘मग उद्या,’’ तो म्हणाला. आणि पिशवी खाली ठेवत, ‘‘पाय दुखतो अजून?’’

‘‘पाय कशाला दुखेल? पाय सोडून सगळं दुखतं.’’

तो हसला. ते हसणं इतकं सवयीचं निघालं की तिला त्याचाच राग आला.

आत थंडी होती. पातळ हिरवी चादर, डोक्यावर कललेलं यंत्राचं मोठं तोंड, मांडीच्या सांध्याशी सुईची टोचणी आणि नंतर एक बोथट दाब. सिस्टर म्हणाली, ‘‘झोप येईल थोडी, पण पूर्ण झोपायचं नाही हं.’’ पूर्ण झोप नाही, पूर्ण जाग नाही. तिला ते आवडलं. ती पाण्यावर पडते तशी पडली. कुठेतरी लांबवर डॉक्टरचा मऊ आवाज, अंक, एकेक शब्द, कुणीतरी ‘हां’ म्हणतंय. पडद्यावर तिच्या पायाची नस दिसत होती, फुगीर, वेडीवाकडी, वय झालेली. तिला त्या नसेविषयी माया दाटून आली. लहानपणी आईनं नदीच्या उथळ पात्रात तिचा हात सोडून दिला, त्या दिवशीही ही नस तिच्याबरोबर होती, पोटरीच्या आतल्या अंगाला, आपलं काम मुकाट्यानं करत. शर्यती जिंकल्या तेव्हा होती. पोटात चिऊ असताना पाय सुजायचे तेव्हा हिच्यावरच भार. आणि तो दारात उभा राहिला, त्या सकाळी मात्र ही छातीत येऊन बसलेली होती, नवीन जागी, उलटी, गोंधळलेली, आणि तरीही थांबली नव्हती. ‘‘छत्री उघडली,’’ कुणीतरी म्हणालं. मग, ‘‘फुगवतोय. थोडं दुखेल.’’

थोडं दुखलं नाही. छातीवर कुणीतरी सबंध तलाव उपडा केला. जबडा, गळा, दोन्ही दंड, सगळीकडून तेच. डॉक्टरचा आवाज तोच राहिला, पण त्यातला मऊपणा गेला. शब्द आखूड झाले. ‘‘पुढे रक्त जात नाहीये. प्रेशर? औषध द्या. अजून.’’ उजेड पांढरा होत होत पातळ झाला. ती खाली जात होती आणि तिला भीती वाटत नव्हती, हेच विचित्र होतं. तळ दिसत होता, त्यावर हलणारी उजेडाची जाळी, आणि फार शांत होतं. तिनं किती जणींना तळाला पाय टेकवून वर यायला शिकवलं होतं. इथे पाय टेकेना. डावा घोटा कुठे आहे, तेच कळेना. तेवढ्यात कुणीतरी कपाळावर तळहात आडवा धरला, पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून धरतात तसा. ‘‘बाई, डोळे उघडा. माझ्याकडे बघा. खोका. जोरात खोका!’’ ती खोकली. पुन्हा खोकली. हात सिस्टरचा होता. हळूहळू तलाव छातीवरून ओसरला. ‘‘आली,’’ डॉक्टर म्हणाला, ‘‘धार आली,’’ आणि त्यानं लांब श्वास सोडला, तो तिलाही ऐकू आला. नंतर त्यानं तिला जाळीत अडकलेला साका दाखवला, पिवळसर चुरा, चिमूटभर. ‘‘ह्यातलंच थोडं निसटलं होतं. स्नायूला जरासा मार बसलाय. भरून येईल.’’ एवढ्याशासाठी, तिला वाटलं. एवढ्याशासाठी एवढा मोठा तलाव.

तिला घरी सोडलं, तेव्हा नवराही बरोबर आला. ‘‘चिऊला कामावर जावं लागेल,’’ एवढंच म्हणाला, आणि बाहेरच्या खोलीत अंथरूण घातलं. पुन्हा ती लांबलचक दुपार सुरू झाली. गोळ्या वेळेवर, सूप कोमट, मांडीवरच्या काळ्यानिळ्या डागावर मऊ पंचा. हातांना आता बारीक कंप होता, पण कपबशी अजून फुटत नव्हती. एकदा तो तिची नखं कापत होता. मान खाली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तिनं विचारलं, ‘‘तेव्हा तू जायचं ठरवूनच राहिला होतास ना? ते तीन महिने?’’

त्याचे हात थांबले. ‘‘हो.’’

‘‘मग ते सगळं काय होतं? केस धुणं वगैरे?’’

‘‘ते खरं होतं,’’ तो म्हणाला. पुढचं नख कापलं आणि म्हणाला, ‘‘तेव्हाच खरं जमलं मला. तू पाण्यात असलीस की तुला माझी गरजच काय? मी काठावर टॉवेल घेऊन उभा.’’ मग त्यानं उरलेली नखं कापली, चुरा कागदावर गोळा केला आणि टाकून आला.

ती छताकडे बघत पडून राहिली. इतकी वर्षं तिनं ते तीन महिने खोट्यात जमा केले होते, आणि ते खोटे नव्हते. ते टिकाऊ नव्हते, एवढंच. हा फरक तिला आधी सुचलाच नव्हता, आणि आता सुचल्यावर छातीत काहीतरी सैल झालं. ते स्टेंटमुळे असेलही.

महिने गेले. ती चालू लागली, मग चढण चढू लागली, मग तलावावर अर्धा वर्ग, मग पूर्ण. जबड्यातलं दुखणं परतलं नाही. पुन्हा तपासणी झाली तेव्हा डॉक्टर पडद्याकडे बराच वेळ बघत होता. वाट मोकळी होती, म्हणाला. स्टेंटच्या खालच्या टोकाला किंचित दाटल्यासारखं दिसतंय, ते आज अडवत नाही, पुढे बघू, गोळ्या चुकवू नका. चिऊनं लगेच दहा प्रश्न विचारले. कोचबाईंनी एकही विचारला नाही. घरी आल्यावर तो म्हणाला, ‘‘ते खालचं टोक... मला वाटतं, मी इथेच राहावं. कायमचं. तिकडची खोली सोडून देतो.’’ तो हे बोलत असताना तिच्या खांद्यावर शाल घालत होता, आणि तिला गरम होत होतं.

‘‘तुला ना, मी आजारीच बरी वाटते,’’ ती म्हणाली. रागानं नव्हे; हसू येत होतं. तोही आधी दुखावला आणि मग हसला, कारण ते इतकं सरळ होतं की नाकारायला जागाच नव्हती. ‘‘मी बरी आहे रे. किती दिवस ते माहीत नाही. पण जेवढे आहेत तेवढे मला आजारी माणसासारखे नाही काढायचे. तू तुझ्या घरी जा.’’

‘‘हाकलतेस?’’

‘‘हो. तू गेलास तेव्हा मला काही बोलता आलं नव्हतं. आता मी बोलतेय, एवढाच फरक.’’

दुसऱ्या दिवशी ती त्याला बसथांब्यापर्यंत सोडायला गेली. ऊन कोवळं होतं, रस्ता ओला. कुणीतरी दुकानापुढची पायरी धूत होतं. त्याच्या पिशवीत दोन सदरे आणि पुस्तक. बस यायला वेळ होता. त्यानं रस्त्याकडे बघत विचारलं, ‘‘बरं वाटेनासं झालं तर बोलावशील?’’

‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘त्याला चिऊ आहे, डॉक्टर आहे. बरी असले की बोलावीन.’’

त्याला ते कळायला वेळ लागला. बस आली, तो चढला, खिडकीत बसला आणि वळणापर्यंत तिच्याकडे बघत राहिला, परीक्षेत अनोळखी प्रश्न आलेल्या मुलासारखा.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी ती पोहून घरी आली. केस ओले, अंग हलकं, भूक लागलेली. खिडकीतून उजेड टेबलावर पडला होता आणि घरात काहीही करायचं शिल्लक नव्हतं. ती थोडा वेळ त्या उजेडात तळहात पसरून बसली. मग तिनं फोन लावला. पलीकडे पहिल्या घंटेलाच उचलला गेला.

‘‘काय झालं?’’ त्याचा आवाज घाबराघुबरा. ‘‘दुखतंय का? मी निघतो, लगेच निघतो...’’

‘‘काही नाही झालं,’’ ती म्हणाली. ‘‘काहीच झालं नाही, म्हणून तर फोन केलाय. ये.’’